तीन टिंबं, एक काडी

निवडणूक लागली की
पेपरच्या आधी मला कळतं.
पाच घरचे पांढरे शर्ट एकाच दिवशी येतात
आणि पाचही जण म्हणतात,
भरमाणी, कडक पाहिजे,
आणि त्याच्यापेक्षा पांढरा.

खानापुरात स्टेशन रोडला सातेरी लाँड्री.
बोर्डावर वर कन्नड, खाली मराठी,
वरची अक्षरं मोठी, नियमानं.
कॉलरच्या आत मात्र माझी खूण:
तीन टिंबं, एक काडी.
ती कुठल्याच भाषेत नाही, म्हणून आजवर
एकाचा शर्ट दुसऱ्याच्या अंगात गेला नाही.

बिर्जे सर रिटायर झाल्यापासून
इस्त्रीच्या टेबलाला टेकून रोम सांगतात.
म्हणाले, तिथं मतं मागायला निघालेला माणूस
अंगावरच्या कापडाला खडू चोळायचा.
उमेदवाराचा इंग्रजी शब्द
त्या पांढऱ्यातनंच आला.
मी म्हटलं, आणि धुवायचं कोण?
सर जरा लाजले.
तुझेच भाऊबंद की रे, पण सोडा नव्हता.
गल्लीच्या कोपऱ्यावर मडकी ठेवायचे,
येणारा-जाणारा त्यात मुतायचा,
मग त्यातच उभं राहून, पायानं तुडवून
राज्य पांढरं करायचे.

हसलो खरा.
रात्री पायाचे तळवे हुळहुळत राहिले.

राजाला हाकलल्यावर म्हणे
त्याच्या जागी दोघांना बसवलं, वर्षापुरतं.
एकानं नको म्हटलं
की दुसऱ्याचा हुकूम हवेतच.
सर, हे तर आमच्या घरी आहे,
आई आणि बायको.
फक्त वर्षाची अट नाही.

मला पटलं ते टेकडीचं.
लढाईनं आणि सावकारानं पिचलेली माणसं
एक दिवस उठली. दगड मारला नाही कुणाला.
गावाबाहेर टेकडीवर जाऊन बसली, बस्स.
खाली वेशीवर उभं राहायला कुणी नाही.
मोठी माणसं धापा टाकत वर आली,
पोटाची आणि हातापायांची गोष्ट सांगत.

हे आम्ही केलंय, सर.
मलप्रभेच्या घाटावरचे आमचे धोंडे उपटून
त्यांनी कठडा बांधला, फोटो काढायला,
त्या साली आम्ही सात घरं
आपापला धोंडा डोक्यावर घेऊन
म्हसोबाच्या माळावर गेलो.
मतदानाला अकरा दिवस.
चौथ्या दिवशी प्रचाराची जीप
चुरगळलेली माणसं घेऊन फिरत होती.
सहाव्या दिवशी एकजण स्वतः वर आला,
काखेत गाठोडं.
माझी भावजय गंगव्वा म्हणाली,
धोंडा आधी. मग शर्ट.

रोमच्या लोकांनी टेकडीवरनं येताना
आपली माणसं निवडून आणली.
त्यांच्या दाराला रात्रीसुद्धा कडी लावायची नाही
असा दंडक होता.
पुढच्या खेपेला गंगव्वा मेंबर झाली.
सरांचं ऐकून तिनंही दार उघडं ठेवलं,
चार रात्री.
पाचव्या रात्री तांब्याची घागर गेली.
आता कडी लावते,
पण ठोठावलं की आतनं विचारते, कोण,
दोन्ही भाषांत.

मग शेवट काय झाला, सर?
सर घडीकडे बघत राहिले.
पाचेकशे वर्षांनी एकजण आला.
म्हणाला, सगळं होतं तसंच आहे,
सभा तीच, मतं तीच.
फक्त अंगावरचं उतरवायचं विसरला.

मागच्या दांडीवर अकरा शर्ट आहेत,
हरलेल्यांचे.
दर पाडव्याला झटकून परत लावतो,
न्यायला कोणी येत नाही.
त्यांचं मला काही वाटत नाही.

एक शर्ट मात्र
दोन पंचवार्षिक झाली, धुवायलाच आलेला नाही.
माझी तीन टिंबं, एक काडी
कुणाच्या तरी मानेला घासत
इथंच कुठंतरी फिरत असतील.

कुणाचा रे, सरांनी विचारलं.

मी इस्त्रीत कोळसा घातला
आणि दाराकडे बघून फुंकर मारली.